दोन बोटं आणि एक नाडी

मिल्या, तुझ्या शेवटच्या कागदावर मी तुझा व्यवसाय चुकीचा लिहिला.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. तुला इथून, कुवेतहून, नाशिकला पाठवायचं तर किती खिडक्यांपुढे उभं राहावं लागतं ते तुला कळणार नाही, तू आपला निवांत पडून होतास. आपल्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून सगळ्यांचे कागद फिरवून आणणारा तो सदा घाईतला माणूस, त्याने माझ्या हातात फॉर्म दिला आणि म्हणाला, भर. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आणि व्यवसायाच्या रकान्यात माझा हात 'कोच' लिहून मोकळा झाला. मला विचारलंसुद्धा नाही.

खिडकीमागच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, गृहस्थाने तुझं ओळखपत्र पाहिलं. त्यावर इंजिनिअर. फॉर्मवर कोच. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, कशाचा कोच? मी म्हणालो, फुटबॉलचा. त्याचा चेहरा उजळला. कुठल्या क्लबचा? मी म्हणालो, तो फुटबॉल नाही, अमेरिकेतला. म्हणजे हे अमेरिकन होते? नाही, नाशिकचे. मग त्याने चष्मा पुन्हा खाली घेतला. आता हे सगळं मी माझ्या अर्ध्या अरबीत आणि पाव हिंदीत कसं सांगणार? शेवटी त्या कचेरीत, मागे पंधरा-वीस माणसांची रांग असताना, मी पाय फाकवून ओणवा झालो आणि दोन पायांमधून तुझी फाइल मागच्या माणसाकडे फेकून दाखवली. मागचा माणूस केरळचा होता. त्याने झेलली. चांगली झेलली, खोटं का बोलू.

मिसरी गृहस्थ हसला, हसल्याबद्दल ओशाळला, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं हळूच 'अल्ला यरहमू' म्हणाला आणि त्याने मला नवा कोरा फॉर्म दिला. तेवढ्यात कचेरीची वेळ संपली. तू ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा नाशिकला पोचलास तो माझ्यामुळे. अंजलीवहिनींना मी तेव्हा काहीतरी कॉम्प्युटरचं कारण सांगितलं होतं. हे वाचलं की त्यांना खरं कळेलच, आणि मग माझं काय व्हायचं ते होईल.

पण मला लिहायचंय ते हे नाही. मला हलकं वाटतंय, मिल्या. मित्र जाऊन महिना होत आला आणि माणूस हलकं वाटतंय म्हणतो, हे काही बरं दिसत नाही. म्हणून ओळीने सांगतो.

आपण पहिल्यांदा भेटलो ते सालमियातल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये. वर कुणाच्या तरी घरी हळदीकुंकू होतं आणि खाली आम्ही सोडायला आलेले नवरे गाड्यांना टेकून महागाईवर बोलत होतो. मी चाळिशीचा, कंपनीत मिस्टर प्रकाश, घरी अहो. तू गाडीच्या डिकीतून एक तपकिरी, दोन्हीकडून टोकदार चेंडू काढलास आणि ओरडलास, "ए, झेल!" तो माझ्या पोटावर आपटून नेमका परत तुझ्या हातात गेला. तू म्हणालास, "मस्त पोट आहे रे. नाव काय तुझं?" मी पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. तू म्हणालास, "म्हणजे पक्या."

आईशपथ, पंचवीस वर्षांत मला कुणी पक्या म्हटलं नव्हतं.

तुझी मराठी हा एक चमत्कारच होता. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर नाशिक सोडून अमेरिकेत गेलास, आणि भाषा तिथेच, पाचवी ब च्या वर्गात, जशीच्या तशी राहिली. बेचाळीस वर्षांचा, सहा फुटी, कानशिलावर पांढरे झालेला माणूस 'चीटिंग नाही हां', 'तुझ्यावर राज्य' आणि 'हा रडीचा डाव आहे' असं अत्यंत गंभीरपणे बोलायचा. एकदा प्लान्टच्या मीटिंगमध्ये तुझा आणि एका ब्रिटिश साहेबाचा वाद पेटला होता, तेव्हा तू मूठ तोंडाशी नेऊन, तीवर फुंकर मारून मला म्हणालास, "टाइमप्लीज." आणि पाणी प्यायला निघून गेलास. साहेबाला वाटलं, ही काहीतरी धार्मिक बाब असावी.

तर त्या पार्किंगमधून तुझी टीम निघाली. सगळे आपल्याच कंपनीतले, पुण्या-नाशिकचे पोट सुटलेले इंजिनिअर, आणि कंपनीच्या भांडारात काम करणारा दापोलीचा मुश्ताक. खरं धावता येणारा तो एकटाच. फिंतासला समुद्राजवळ एक मोकळा वाळूचा प्लॉट होता. त्यावरचे दगड आपण तीन शुक्रवार वेचले. सीमारेषा आखायला चुना मिळेना म्हणून वहिनींनी जुना, कीड लागलेला मैदा दिला, आणि पुढे प्रत्येक मॅचमध्ये उत्तरार्धापर्यंत कबुतरं आपली अर्धी सीमारेषा खाऊन टाकायची. मग चेंडू आत की बाहेर यावर भांडण, आणि तू मधे उभा राहून, "कबुतर अंपायर आहे, त्याला विचारा."

खेळ मवाळ होता, अंगाला हात लावायचा नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन रिबिनी, त्यातली एक कुणी ओढली की तुम्ही थांबलात. तुझ्या अमेरिकेतल्या खऱ्या फुटबॉलसारखी हाडं मोडायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, मला पळता येत नाही, झेलता येत नाही, फेकता तर येतच नाही. मला लिंबूटिंबू म्हणून घे.

लिंबूटिंबू म्हणजे काय ते तुला सांगावं लागलं नाही. गल्लीतल्या खेळात जे सगळ्यात बारकं, रडकं पोर असतं त्याला खेळू देतात, पण त्याचं आउट होणं धरत नाहीत. त्याच्यावर राज्य येत नाही. ते आहे म्हणून आहे. मी लहानपणी नववीपर्यंत लिंबूटिंबू होतो, मला त्या पदाचा अनुभव होता. तू एकदम गंभीर झालास. म्हणालास, "माझ्या टीममध्ये लिंबूटिंबू नसतो. तू सेंटर."

सेंटर म्हणजे सगळ्यात पुढे ओणवं होऊन, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला देणारा. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तू. सगळा खेळ तू ठरवायचास, कोण कुठे धावणार, चेंडू कुणाकडे जाणार. आणि तो सुरू करायचो मी, तुझ्याकडे पाठ करून. तू 'हट' ओरडायचास. कितव्या 'हट'ला चेंडू द्यायचा ते आधी सगळे गोल करून उभे असताना तू बोटांनी दाखवायचास, म्हणजे समोरच्यांना ऐकू जायला नको. एक बोट, पहिल्या हाकेला. तीन बोटं, तिसऱ्या. मला फक्त बोटं बघायची होती. सात वर्षं माझं तेवढंच काम होतं.

त्या सात वर्षांत खेळताना मी तुझा चेहरा कधी पाहिला नाही. सेंटरने मागे बघायचं नसतं. मला फक्त तुझा आवाज माहीत होता, आणि सुनंदाला, माझ्या बायकोला, भीती होती की तुला माझी नको तीच बाजू माहीत आहे.

तू स्वतःच्या कॉलेजातल्या गोष्टी सांगायचास त्या सगळ्या फजितीच्याच. तीन वर्षं बाकावर बसून नुसता दुसऱ्याच्या खेळाची टिपणं काढत होतास. चौथ्या वर्षी पहिला क्वार्टरबॅक आजारी पडला आणि तुला उभं केलं, तर तुझा पहिला चेंडू थेट समोरच्या संघाच्या माणसाच्या हातात. तुझी आई साडीवर स्वेटर घालून प्रेक्षकांत बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, छान नेमका फेकला. तो एक हंगाम खेळलास, मग गुडघा गेला, मग दोन वर्षं तिथल्याच एका शाळेत पोरांना शिकवलंस, आणि पोट भरायला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होऊन कुवेतला आलास. मी विचारलं होतं, वाईट नाही वाटत? एवढा खेळ आणि एकच हंगाम? तू म्हणालास, क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात काय ते ठरवायचं आणि मग आपण ठरवलं असं म्हणायचं. तुला एक अख्खा हंगाम मिळाला होता, म्हणजे चिक्कार.

आणि मग ती फायनल.

कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा. आपण पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोचलो होतो आणि त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य आपल्यालाच. शुक्रवारची संध्याकाळ, ऊन उतरलेलं, कंपनीचे साहेब खुर्च्या टाकून बसलेले. पूर्वार्धात ओणवं होता होता माझी हाफपँट मागून उसवली, आणि आवाज असा आला की समोरचा माणूस 'सॉरी' म्हणाला. मध्यंतरात गाडीत जाऊन मी दुसरी चढवली. तिचं इलॅस्टिक गेलं होतं म्हणून सुनंदाने तिच्यात लेंग्याची पांढरी नाडी ओवली होती.

शेवटचा डाव. चार गुणांनी मागे. रेघ दहा पावलांवर, तिथला मैदा नशिबाने शाबूत, आणि तिच्यापलीकडे चेंडू झेलला की सहा गुण. आपण गोल करून उभे राहिलो, तू हात मधे घातलास आणि बोटं दाखवलीस. आणि मी, मिल्या, त्या क्षणी बोटांकडे बघत नव्हतो. माझी हाफपँट घसरत होती आणि मला नाडी सापडत नव्हती. दोन्ही हातांनी पोटाखाली चाचपत होतो, नाडी नाहीच. वर बघितलं तेव्हा गोल मोडला होता आणि सगळे आपापल्या जागी निघाले होते.

विचारायला हवं होतं. टाइमप्लीज म्हणायला हवं होतं. पण साहेब बसलेले, आणि चाळिशी उलटलेला माणूस नाडीसाठी फायनल थांबवत नाही. मी ओणवा झालो आणि हिशोब केला. एक म्हणजे फार लवकर, तीन म्हणजे फार उशीर, नोकरदार माणसाने मधलं धरावं. दुसऱ्या 'हट'ला मी चेंडू मागे सोडला. मागे धप्पकन आवाज झाला, वाळूत. चेंडू तुझ्या खांद्यावरून गेला होता. रेघेपलीकडे मुश्ताक एकटा उभा होता, दोन्ही हात वर करून, आजूबाजूला चिटपाखरू नाही.

हरलो. तू सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलंस, "चूक माझी. दोन मीच सांगितले होते. मी दुसरीकडे बघत होतो." आणि पंधरा दिवसांत कंपनीच्या क्रीडासमितीने टीम एका शिट्टी आणि लॅपटॉपवाल्या तरुणाला दिली. शेवटच्या क्षणी दुसरीकडे बघणारा कोच त्यांना नको होता.

मी गप्प बसलो. मला पक्कं ठाऊक होतं, तू तीन दाखवले असणार आणि मी चुकलो असणार. आणि तू माझं आउट धरलं नाहीस. सात वर्षं 'टीममध्ये लिंबूटिंबू नसतो' म्हणालास आणि ऐन वेळी मला लिंबूटिंबू केलंस. टीम गेली याचं वाईट वाटलंच. पण आतून खुपत होतं ते हे दुसरं.

तू तर महिन्याभरात त्याच वाळूवर इथल्या आपल्या मुलींची टीम उभी केलीस, आमची लेक गार्गी धरून. मग तुझी साखर डोळ्यांत उतरली, गाडीचं लायसन्स गेलं, आणि मी म्हणालो, मी नेतो. आठवड्यातून दोनदा, सालमियाहून फिंतास आणि परत. सुनंदाला वाटायचं मी फार चांगला माणूस झालोय. मी तिला कधी सांगितलं नाही की मी शिक्षा भोगतोय. समुद्राकाठच्या रस्त्याने तू शेजारी बसून विचारायचास, सिग्नल कुठला आलाय, पाणी कुठल्या रंगाचं दिसतंय. मी सांगायचो. तेव्हाही माझे डोळे रस्त्यावरच.

शेवटी शेवटी तुला चेंडू दिसतही नव्हता. मुलीच्या तळहातावर तो कसा वाजला ते ऐकून तू सांगायचास, अंगठा आत घे. ती अंगठा आत घ्यायची आणि पुढचा चेंडू वेगळा वाजायचा.

दोन वर्षांपूर्वी एका लाल सिग्नलला मला राहवलं नाही. सगळं बोलून टाकलं. बोटं पाहिली नव्हती, अंदाजाने चेंडू दिला, तू माझ्यासाठी खोटं बोललास, तुझी टीम माझ्यामुळे गेली. तू म्हणालास, "खोटं नाही. दोनच होते. मी दुसरीकडे बघत होतो."

"कुठे बघत होतास?"

आणि तू हसायला लागलास. थांबेचनास.

मी चिडलो. म्हणालो, "म्हणजे मी लिंबूटिंबूच ना? स्पष्ट सांग."

तू हसता हसता डोळे पुसलेस आणि म्हणालास की मैदानातली फजिती मैदानातच राहते, मागचे गाड्यावाले हॉर्न देतायत, निघ. मला ते हसणं दयेचं वाटलं. पोराला 'तू शहाणाच आहेस हो' म्हणताना मोठी माणसं हसतात, तसलं. मी काहीतरी फार वाकडं बोललो. इतकं की तू करंगळी पुढे केलीस. छप्पन्न वर्षांच्या माणसाने, चालत्या गाडीत, माझ्याशी कट्टी घेतली.

कट्टी तीन आठवडे टिकली. त्या तीन आठवड्यांत मी तुला सहा वेळा नेलं आणि सहा वेळा आणलं, एक शब्द न बोलता. समुद्राचा रंग तू गार्गीला फोन करून विचारायचास. मग एक दिवस कडक चहाच्या टपरीपाशी तू दोन बोटं पुढे केलीस, बट्टी. मी धरली. पण तो विषय आपण पुन्हा काढला नाही, आणि मला वाटलं होतं कधीतरी काढू. मग या महिन्याच्या सुरुवातीला तू दुपारी जेवून आडवा झालास आणि चार वाजता चहाला उठलाच नाहीस.

मी तुला अर्ध्या रस्त्यात सोडून आल्यासारखा हिंडत होतो. तुझ्यासाठी रडता येईना, कारण मधे ते हसणं यायचं. रडायला बसलो की वाटायचं, याने मला कधी बरोबरीचं धरलं तरी होतं का?

वहिनी नाशिकला सगळं करून, घर आवरायला म्हणून परत आल्या. मागच्या शनिवारी दुपारी आम्ही तुमच्याकडे जमलो. तुझ्या टीममधल्या मुली, मुश्ताक, आम्ही तिघं. भिंतीवर लावायला जुने फोटो गोळा करायचं काम गार्गीकडे होतं. ती आता बावीस वर्षांची आहे. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, हातात तिचा शाळेतला तडा गेलेला टॅब.

"बाबा, एक दाखवायचंय. प्रॉमिस, चिडणार नाहीस."

फायनलच्या दिवशी ती तेरा वर्षांची होती आणि बापाची फजिती मैत्रिणींना दाखवायला आली होती. आपला शेवटचा डाव तिने बाजूच्या सीमारेषेपाशी उभं राहून टिपला होता. मी विचारलं, नऊ वर्षं हे लपवून ठेवलंस? ती म्हणाली, "यू वेअर सो सॅड, बाबा. घरी आलास आणि बूटसुद्धा नाही काढलेस. मग मला नाही दाखवता आलं."

मिल्या, चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ आहे. आपण गोल करून उभे आहोत. मधे तुझा हात. त्यावर दोन बोटं. स्वच्छ, उन्हात, दोन. सगळे त्या हाताकडे बघतायत, एक मी सोडून. मी पोटाखाली काहीतरी शोधतोय.

दोनच होते. तू खरं बोलत होतास आणि मी बरोबर चेंडू दिला होता.

मी तिथेच थांबणार होतो, पण गार्गी म्हणाली, पुढे बघ. गोल मोडतो. मी माझ्या जागी जातो, समोरच्यांकडे तोंड करून ओणवा होतो. आणि मागे, सगळ्या जगाला दिसेल अशी, माझ्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत लेंग्याची पांढरी नाडी लोंबतेय. मध्यंतरात घाईत मी हाफपँट उलटी घातली होती, पुढचं मागे. दोन बाजूंना दोन लाल रिबिनी आणि मधोमध ही तिसरी, पांढरी, वाऱ्यावर हलणारी.

आणि तिच्यामागे तू.

सोळा वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं, मी ओणवा असताना माझ्या मागे तुझा चेहरा कसा असतो. तू आधी मुश्ताककडे बघतोस. मग डावीकडे. मग तुझी नजर खाली येते. पहिला 'हट' नीट निघतो. दुसरा 'हट' निघतो तो हसण्यातूनच फुटून, आणि चेंडू येतो तेव्हा तुझे दोन्ही हात गुडघ्यांवर आहेत. चेंडू खांद्यावरून जातो. तू कंपनीची फायनल हरतोयस, तुझी टीम तुझ्या हातून जातेय, आणि तू पोट धरून हसतोयस. मग चित्र हलायला लागतं, कारण गार्गीही हसतेय.

तर तू तिकडे बघत होतास, होय? आणि नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाहीस, नाहीतर अख्ख्या सालमियाने मला नाडीवरून ओळखलं असतं.

आम्ही व्हिडिओ बाहेर नेला. सगळ्यांनी पाहिला. मुश्ताक म्हणाला, "आणि मी तिथं खुळ्यागत हात वर करून उभा!" मुली तर लोळायच्या बाकी होत्या. पण मी बघत होतो वहिनींकडे. महिनाभर त्यांचा चेहरा दगडासारखा होता. त्यांनी टॅब हातात घेतला आणि पुन्हा लाव म्हणाल्या. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या.

"त्या दिवशी हरून आले आणि सरळ बाथरूममध्ये गेले," त्या म्हणाल्या. "नळ सोडला होता, पण आतून आवाज येत होता. मी दाराबाहेर उभी होते. विचारायचा धीर झाला नाही. भाऊजी, नऊ वर्षं मला वाटत होतं, ते रडत होते."

त्यानंतर त्या जे हसल्या, मिल्या, ते तू ऐकायला हवं होतंस. मग रडल्या, मग दोन्ही एकदम. मग मीही. इतके दिवस अडलेलं सगळं आलं, आणि मधे काही आलं नाही.

आता माझ्यापुढे एक पेच आहे. लायसन्स गेल्यापासून आठवड्यातून दोनदा मी तुला शिक्षा म्हणून नेलं-आणलं, आणि आता कळतंय की गुन्हाच नव्हता. म्हणजे होता, पण नाडीचा होता, त्याला कुठे इतकी सजा असते? मग इतकी वर्षं मी त्या रस्त्यावर काय करत होतो? सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला मित्र होता, दुसरं काय.

काल शुक्रवार होता. मुली म्हणाल्या, सराव बंद ठेवायचा नाही. त्यांची सेंटर परीक्षेमुळे आली नव्हती आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, छप्पन्न वय आहे, कंबर धरते, मला लिंबूटिंबू म्हणून घेणार असाल तर येतो. त्यातली सगळ्यात लहान, जिची मराठी यथातथाच आहे, ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "कोच सेड, नो लिंबूटिंबू."

गोल करून उभे राहिलो. यावेळी मी बोटं पाहिली. एक होतं. नाडीही पाहिली, पुढेच होती. मग वाळूत पाय रोवले, ओणवा झालो आणि चेंडूवर हात ठेवला. मागे पोरीची हाक यायची होती, आणि त्याआधी मागून कुणीतरी खुदकन हसलं.

सेंटरने मागे बघायचं नसतं. मी नाही बघितलं. माझ्या मागे काय चाललेलं असतं ते आता मला माहीत आहे.